‘किब्र’ आणि ‘अहंकार’ : एक अर्थविचार

इस्लामी नीतिविचारातील ‘किब्र’ या संज्ञेचे भाषांतर ‘अहंकार’ असे करण्याकडे मराठी लेखकाचा सहजच कल होतो. हा पर्याय सोयीचा आहे. निर्दोष मात्र नाही. सांख्यांच्या परिभाषेत अहंकार हे महत्-तत्त्वापासून उद्भवणारे एक तत्त्व होय. वेदान्त्यांच्या मते तो अंतःकरणाचा एक व्यापार. दोहोंकडे तो एकाच व्यक्तीच्या ठिकाणी पूर्ण होतो. ‘किब्र’ला मात्र दुसरा कोणीतरी लागतो. हा भेद दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘क-ब-र’ या धातूचा मूळ अर्थ मोठेपणा. ‘कबीर’, ‘अकबर’ ही आपल्या परिचयाची नावे याच धातूपासून आलेली आहेत आणि त्यांत निंदेचा लवलेशही नाही. निंदा येते ती साधित रूपांतून. कुराणात वारंवार येणारे ‘इस्तक्बर’ हे क्रियारूप दहाव्या गणातील आहे. एखादी वस्तू इच्छिणे किंवा एखाद्यास अमुक मानणे, असा अर्थ हा गण बहुधा देतो. ‘इस्तक्बर’ म्हणजे स्वतःस मोठे मानले. आदमापुढे नत होण्याचे इब्लीसने नाकारले ते आपण अग्नीपासून आणि आदम मातीपासून घडला, या कारणास्तव (७:१२). त्याच्या अपराधाचे मूळ ‘मी’पणात नसून तुलनेत आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तोशिहिको इझुत्सु यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या आणि १९६६ साली सुधारून पुन्हा काढलेल्या कुराणातील नैतिक संज्ञांवरील ग्रंथात या शब्दाचे ‘कुफ्र’शी असलेले निकटचे नाते साधार दाखविले आहे. ते विवेचन मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, ईश्वर आणि मनुष्य यांच्यातील उभ्या संबंधाइतकाच मनुष्यामनुष्यांतील आडवा संबंधही या शब्दात गुंतलेला आहे. कुराणात ‘ज्यांनी स्वतःस मोठे मानले’ आणि ‘ज्यांना दुर्बळ लेखले गेले’ अशा दोन वर्गांची जोडी येते (७:७५, ३४:३१-३३). मूळ अरबीत ही दोन्ही क्रियापदे एकाच गणातील आहेत. पहिले कर्तरी, दुसरे कर्मणी. एकाचे मोठे होणे आणि दुसऱ्याचे लहान ठरविले जाणे ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत, असे जणू व्याकरणच सांगते.

हदीस-वाङ्मयही याला दुजोरा देते. चांगले वस्त्र व चांगली पादत्राणे आवडणे हा किब्र काय, या प्रश्नाला पैगंबरांनी नकारार्थी उत्तर दिले आणि किब्राची दोन लक्षणे सांगितली : सत्य धुडकावणे व लोकांना तुच्छ लेखणे. अल्-गझाली (मृत्यू ११११) याने ‘इह्या’च्या एकोणतिसाव्या प्रकरणात हाच धागा पुढे नेला. ‘उज्ब’ म्हणजे आत्मसंतोष. त्याला एकटा माणूस पुरतो. किब्राला मात्र ज्याच्यावर मोठेपणा गाजवावयाचा असा दुसरा हवाच. ‘अहंकार’ ‘उज्ब’च्या जवळ जातो, ‘किब्र’च्या नव्हे. तथापि गझालीच्या उपाययोजनेचा भर व्यक्तीच्या मनःशुद्धीवर आहे. दुर्बळ लेखल्या गेलेल्या पक्षाचा विचार कुराणात जितका ठसठशीत आहे, तितका तो येथे राहत नाही. ही या प्रकरणाची मर्यादा मानावी लागेल.

‘अहंकार’ या पर्यायाची खरी कसोटी लागते ती ‘अल्-मुतकब्बिर’ या नावाशी. हे अल्लाहचे नाव आहे (५९:२३). मनुष्याला लावल्यास निंदाव्यंजक असणारा शब्द ईश्वराच्या ठायी स्तुतिवाचक होतो. ‘अहंकारी’ हा शब्द तेथे चालणार नाही, कारण मराठीत निंदा शब्दाच्या अर्थातच मुरलेली आहे. अरबीत शब्द फक्त मोठेपणाचा दावा सांगतो. निंदा की स्तुती, हे दावा खोटा की खरा यावर ठरते.

खोटेपणाचा हा अंश मराठीने दुसऱ्या एका शब्दात नकळत जपला आहे. ‘मगरूर’ हा शब्द आपण उद्धट या अर्थी वापरतो. अरबीत ‘मग़्रूर’ म्हणजे फसलेला, भुललेला. गर्विष्ठाला कुराणात ‘मुख्ताल’ही म्हटले आहे (३१:१८), ‘खयाल’ म्हणजे कल्पना, हा शब्द त्याच धातूचा. ‘इह्या’त किब्रावरील प्रकरणाला लागूनच ‘गुरूर’ म्हणजे आत्मवंचना यावरील प्रकरण यावे, हा क्रमही अर्थपूर्ण आहे.

तात्पर्य, भाषांतरकाराने एकच प्रतिशब्द सर्वत्र चालवू नये. इब्लीसच्या संदर्भात ‘श्रेष्ठत्वाचा ताठा’, लोकव्यवहारात ‘इतरांस तुच्छ लेखणे’, ईश्वराच्या संदर्भात ‘महिमावान’ असे प्रसंगानुरूप पर्याय योजावे लागतील. ‘अहंकार’ लिहून मोकळे झाल्यास वाचक हा दोष स्वतःच्या अंतःकरणात शोधील आणि ज्याला त्याने तुच्छ लेखले तो माणूस वाक्यातून नाहीसा होईल. गझालीने किब्राची जी सात कारणे दिली त्यांत कुल, रूप, धन, बळ ही सर्व आहेत. पण यादीत पहिले स्थान त्याने विद्येला दिले आहे. विद्यापीठीय अभ्यासकाने हा क्रम विसरू नये.