‘बारोमास’मधली नोकरी

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. २००२ साली ती प्रसिद्ध झाली, २००४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून हे वर्णन तिला चिकटून राहिले. ते खोटे नाही. पण अपुरे आहे खास. बुलढाण्याकडची ही कादंबरी आमच्या परभणी जिल्ह्यात वाचली जाते, तेव्हा पिकापाण्याच्या हकिकतीइतकीच तिच्यातली न मिळालेली नोकरी वाचकाच्या जिव्हारी लागते. जिंतूर-गंगाखेडकडे जमीन विकून मुलाला ‘लावल्या’च्या गोष्टी कोणाला नव्या नाहीत.

कादंबरीचा नायक एकनाथ शिकलेला आहे. शिक्षकाची जागा हवी तर संस्थेला पैसे मोजावे लागतात, आणि सुभानरावांच्या घरात ते नाहीत. नवऱ्याला नोकरी लागेल या आशेवर अलकेने संसार मांडला. आशा विटत गेली, तसा संसारही विटला. धाकट्या मधूच्या वाट्यालाही तेच रिकामपण आले. देशमुखांनी हे सारे आरडाओरडा न करता, रोजच्या धुसफुशीतून दाखविले आहे, आणि त्यातच त्यांची शक्ती आहे.

या कादंबरीने मला शिकविले ते असे. पैसे घेऊन जागा भरणारा माणूस गरिबाची नोकरी हिरावतो, हे तर उघडच आहे. पण त्याहून मोठी चोरी दुसरीच आहे. एकनाथाला आपण चांगला शिक्षक होऊ की नाही, हे कोणी कधी सांगतच नाही. त्याची खरी परीक्षा होत नाही, म्हणून त्याचा खरा पराभवही होत नाही. “तुमच्यापेक्षा हा उमेदवार सरस ठरला,” असे कोणी तोंडावर सांगितले असते, तर तो दोन दिवस कष्टी झाला असता आणि तिसऱ्या दिवशी दुसरी वाट शोधायला मोकळा झाला असता. पैशाअभावी मिळालेला नकार माणसाला असे मोकळे करीत नाही. पैसे जमले तर अजूनही जमेल, ही आशा त्याला बांधून ठेवते, आणि उमेदीची वर्षे अंगणात बसून जातात.

भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील येथे आठवतो. ‘बिढार’पासून (१९७५) तो एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जातो, संस्थाचालकांचे रंग त्यालाही दिसतात. पण त्याला निदान आपले बिऱ्हाड उचलता येते. एकनाथाला दारातच अडविले आहे. जे मिळालेच नाही, ते सोडणार कसे?

तिसरे उदाहरण आमच्या परभणीचे आणि प्रत्यक्षातले. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) मॅट्रिकनंतर सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून झाले आणि चाळिशीत गेले तोवर कारकूनच राहिले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी कथा, कादंबऱ्या, कविता लिहिल्या. कचेरीने त्यांना पगार दिला. आपली किंमत ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांनी कचेरीला दिला नाही. आपल्या आयुष्याची सूत्रे हाती घेणे म्हणजे नोकरीवर लाथ मारणे, असा समज असेल त्याने हे आयुष्य पाहावे. अर्थात दरमहा पगार येत होता म्हणून हे निभले, हेही विसरू नये. रिकाम्या खिशाच्या एकनाथाला या उदाहरणाने टोचणे अन्यायाचे होईल.

‘बारोमास’वर माझा आक्षेप एकच आहे. पैसे मागणारी माणसे तिच्यात दूरच राहतात. तीही कोणाची तरी बाप, चुलते असतात. सणासुदीला गोडधोड खातात, मुलांना खोटे बोलू नका म्हणतात. त्यांच्या मनात लेखक शिरला असता, तर वाचकाला तेथे ओळखीचे चेहरे दिसले असते.

ही कादंबरी जुनी झाली, असे म्हणण्याची सोय अजून नाही. २०१७ साली शासनाने शिक्षकभरतीसाठी ‘पवित्र’ ही संगणकीय व्यवस्था आणली. चाचणीचे गुण पाहून निवड व्हावी, हा हेतू चांगलाच होता. पण २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतच पैसे घेऊन अपात्रांना पात्र केल्याचे उघड झाले, आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. दार बदलले, तरी दारातला माणूस तोच राहिला तर दुसरे काय होणार?

दिवाळीत शिकलेली मुले घरी येतात आणि फराळाच्या ताटावरच “नोकरीचे काय झाले?” असा प्रश्न त्यांना होतो. यंदा तो प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवावा आणि ‘बारोमास’ घरात वाचावी. त्यातून एखाद्या बापाने जमीन विकण्याचा बेत मुलाशी बसून पुन्हा एकदा तपासला, तर देशमुखांच्या लेखणीचे श्रम सार्थकी लागले, असे मी समजेन.