शिपायाचीं वर्षें

वाङ्मयाचा विचार करतांना आपण काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र अशा मोठ्या प्रकारांपाशींच थांबतों. दगडावर कोरलेल्या चार ओळी हेंही वाङ्मयच आहे, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक ज्याला खोडून पुन्हा लिहिण्याची सोय नाहीं आणि ज्याच्यापाशीं जागा हातभरच आहे, अशा लेखकाला शब्दाची किंमत इतर ग्रंथकारांपेक्षां अधिक कळली पाहिजे. त्यानें काय लिहिलें, काय गाळलें आणि तें कोणाला उद्देशून लिहिलें, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे स्मृतिलेखाची परीक्षा एखाद्या ग्रंथाइतक्याच कसोशीनें करतां येते. प्रस्तुत लेखांत ती एकाच जातीच्या स्मृतिलेखांपुरती करावयाची आहे. साध्या शिपायाची आठवण राहावी म्हणून जे लेख लिहिले गेले, तेवढेच येथें घेतले आहेत. सेनापतींना बखरकार मिळाले, चरित्रकार मिळाले, पुतळेही मिळाले. त्यांची काळजी आपण करण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडील सर्वांत जुना प्रकार म्हणजे वीरगळ. मारुतीच्या देवळापाशीं किंवा वेशीजवळ शेंदूर फांसलेला वीरगळ उभा आहे, अशीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. त्याची मांडणी बहुतेक ठरलेली असते. खालच्या चौकटींत लढाई आणि पडलेला वीर. मधल्या चौकटींत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईस बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. कथनाची रीत म्हणून यांत उणें काढण्यासारखें कांहीं नाहीं. आदि, मध्य आणि अंत एका दृष्टिक्षेपांत येतात. परंतु आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाहीं. त्यामुळें झालें असें कीं, गांव शेंदूर लावतें, नारळ फोडतें, पण कोणापुढें, हें गांवाला सांगतां येत नाहीं. वीराचा देव झाला आणि माणूस हरवला. पोवाड्याचें दुखणें याहून निराळें आहे. शाहिराला नांवांची आवड भारी. पण तीं नांवें सरदारांचीं. शिपाई तेथें येतो तो हजारांच्या आंकड्यांत, आणि पुष्कळदां तो आंकडाही यमकाच्या सोयीनें ठरलेला असतो.

ही परंपरा डोळ्यांपुढें ठेवली म्हणजे कोरेगांवच्या स्तंभाचें वेगळेपण ध्यानांत येतें. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं पेशव्यांच्या फौजेशीं कंपनीच्या एका लहान तुकडीची लढाई झाली, आणि १८२१ सालीं तेथें स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावरील लेख इंग्रजींत आहे आणि मराठींतही आहे. त्याचा एक भाग विजेत्याच्या भाषेंत लिहिलेला आहे. पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या विजयांत हा विजय मोठ्या अभिमानाचा, असा त्याचा सूर. हें गद्य त्या काळच्या कोणत्याही सरकारी स्तुतिलेखासारखें आहे. आज तें वाचून कोणाचें मन हलणार नाहीं. पण त्याच दगडावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत, आणि लेखाचें खरें बळ तेथें आहे. त्यांत ज्यांच्या शेवटीं ‘नाक’ येतें अशीं, म्हणजे महार शिपायांचीं, बावीस नांवें ओळखतां येतात. ज्या समाजाला गांवच्या कोणत्याही मानाच्या यादींत जागा नव्हती, त्याचीं माणसें येथें इतरांच्या बरोबरीनें नोंदलीं गेलीं.

लेखाचा अर्थ लेखकाच्या हेतूशीं कायमचा बांधलेला नसतो, या सिद्धान्ताला याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. कंपनीनें स्तंभ उभारला तो स्वतःच्या विजयासाठीं. पुढें १८९२–९३ च्या सुमारास महारांची लष्करांतील भरती सरकारनेंच बंद केली. तेव्हां वाडवडिलांनीं केलेल्या सेवेचा आधार घेऊन अर्ज लिहिले गेले. लष्करांतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं तोच प्रश्न पुन्हा सरकारपुढें मांडला. महायुद्धाची गरज पडली तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपल्यावर १९२१ सालीं ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशीं आले. ते स्वतः एका सुभेदाराचे पुत्र होते. महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें. या सर्व काळांत जी गोष्ट कोणाला नाकारतां आली नाहीं, ती म्हणजे दगडावरील यादी. स्तुतीचीं विशेषणें जुनीं झालीं. यादी मात्र पुराव्यासारखी उपयोगीं पडली.

यानंतर शंभर वर्षांनीं लिहिलेले लेख पाहिले म्हणजे आपण पुढें आलों कीं मागें गेलों, असा प्रश्न पडतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धानंतर, जेथून भरती झाली अशा पुष्कळ गांवांत सरकारनें दगडी पाट्या बसविल्या. त्यांचा मजकूर एका सांच्यांतला आहे. या गांवांतून महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच. दोन रकाने आणि त्यांची वजाबाकी! जमाखर्चाच्या वहींतील ओळ आणि ही ओळ यांत फरक शोधूं गेल्यास तो दगडापुरताच सांपडेल. पाटी बसविली तेव्हां कदाचित् ही उणीव कोणाला जाणवली नसेल. गेलेले कोण होते, हें गांवांतील प्रत्येक घराला ठाऊक होतें. आंकडा वाचतांच लोकांना चेहरे दिसत असतील. पण स्मृतिलेख हा माहीत असलेल्यांसाठीं लिहावयाचा नसतो. तो चौथ्या पिढीसाठीं लिहावयाचा असतो, आणि चौथ्या पिढीच्या हातीं आतां केवळ आंकडा उरला आहे.

ही चूक खेडेगांवच्या पाटीपुरती असती तर ती हयगय म्हणून सोडून देतां आली असती. पण तींत कांहीं पद्धत होती. ब्रिटिश साम्राज्यांतील युद्धमृतांच्या कबरी व स्मारकें राखण्यासाठीं १९१७ सालीं जें मंडळ स्थापन झालें, त्याचें तत्त्व उदात्त होतें: प्रत्येक मृताची स्मृति नांवानिशीं राखावी, आणि तींत हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करूं नये. फ्रान्समध्यें न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या भारतीय स्मारकावर हें तत्त्व पाळलें गेलें. तेथें सुमारें ४,७०० नांवें आहेत. १९२९ सालीं बसऱ्याचें स्मारक झालें. मेसापोटेमियांत मेलेल्या ४०,००० हून अधिक लोकांची नोंद तेथें आहे. परंतु त्याच्या भिंतींवर भारतीय शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं नाहींत. पलटणीचें नांव, भारतीय अधिकाऱ्यांचीं नांवें, आणि मग ‘इतर’ किती, तो आंकडा. युरोपांतील वाचकापुढें एक लेखनपद्धति आणि आशियांतील वाचकापुढें दुसरी, असा हा प्रकार झाला.

या मेसापोटेमियाशीं आपला संबंध दूरचा नाहीं. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत येथें जें सैन्य वेढ्यांत उपाशी लढलें, तें ‘पुणें डिव्हिजन’ या नांवानें ओळखलें जात होतें, आणि त्यांत १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर पुष्कळ जण वाळवंटांतील कुचांत आणि कैदेंत मेले. कोंकणांतल्या किंवा घाटावरच्या कोणा आईला मुलाचा देह तर मिळाला नाहींच. पण दगडावर त्याचें नांव कोरलेलें आहे, एवढें समाधानही तिच्या वांट्यास आलें नाहीं. २०२१ सालीं त्याच मंडळानें नेमलेल्या समितीनें हा दोष कबूल केला, आणि मंडळानें क्षमा मागितली. समितीच्या अंदाजाप्रमाणें पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृति इतरांच्या बरोबरीनें राखली गेली नाहीं. आणखी निदान १,१६,००० जण, आणि कदाचित् ३,५०,००० पर्यंत, असे कीं त्यांचें नांव कोठें आलें नाहीं, किंवा त्यांची नोंदच झाली नाहीं. हे बहुतेक सर्व आशिया व आफ्रिका खंडांतील लोक होते. दिल्लीचें इंडिया गेट १९३१ सालीं उघडलें. महायुद्धांत पडलेल्या सत्तर हजारांहून अधिक भारतीयांचें तें स्मारक. त्यावर नांवें मात्र तेरा हजारांच्या आसपास आहेत.

स्वतंत्र भारतानें या बाबतींत आपली पद्धति सुधारली, हें नमूद केलें पाहिजे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं दिल्लींत जें राष्ट्रीय युद्धस्मारक उघडलें, त्याच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर तेव्हां सुमारें २६,००० नांवें होतीं, आणि प्रत्येक नांव स्वतंत्र शिळेवर आहे. येथें आंकडा नांवांतून निघतो; नांव आंकड्यांत बुडत नाहीं.

तरीही माझी मुख्य तक्रार राहतेच. वीरगळापासून दिल्लीपर्यंत हे सारे लेख एका दिवसाचे लेख आहेत. शिपाई कोणत्या दिवशीं मेला, एवढेंच त्यांना ठाऊक. पण शिपाईपण हें एका दिवसाचें नसतें; तें वर्षांचें असतें. आणि बहुसंख्य शिपाई रणांत मरतही नाहींत. ते पेन्शन घेऊन घरीं येतात, तीसचाळीस वर्षें शेत कसतात आणि एके दिवशीं ओसरीवर डोळे मिटतात. त्यांच्यासाठीं आपल्या वाङ्मयांत कोणता प्रकार आहे? दोन उदाहरणें घ्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघेही १९२१ सालीं जन्मले, दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि दोघांनाही इटलींतील लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत मशीनगनवर एकटे चाल करून गेले आणि तेथेंच पडले. जाधवांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर भडिमारांतून दोन जखमी सोबत्यांना पार नेलें, शत्रूचे मोर्चे बंद पाडले, आणि ते वांचले. ते १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांचें चरित्र तरुणपणींच संपल्यामुळें स्मृतिलेखांत मावतें. जाधवांच्या मानपत्रांतही तोच एक दिवस आहे. पुढचीं एकोणचाळीस वर्षें कोणी लिहावयाचीं?

आपण मृत सैनिकावर लिहितों तें बहुधा विशेषणांत. शूर, निष्ठावंत, करारी, शिस्तप्रिय, हे शब्द कोणत्याही सैनिकाला लावतां येतात, म्हणून ते कोणाही एकाचे होत नाहींत. साताऱ्याकडे किंवा कोंकणांत ज्या घरांतून माणसें पलटणींत गेलीं, तेथें ट्रंकेच्या तळाशीं डिस्चार्जचें पुस्तक जपलेलें असतें. भरतीची तारीख, पलटण, हुद्दा, नोकरीचीं वर्षें, महिने, दिवस, वागणुकीविषयीं एक शब्द. आपल्या बहुतेक मृत्युलेखांपेक्षां त्या रुक्ष पुस्तकांत अधिक सत्य आहे. त्यावर कुटुंबाच्या आठवणींचा थोडा हात फिरला तर तें चरित्र होईल. तो खेंचरें हांकीत होता कीं पूल बांधीत होता, कीं जखमींना उचलून आणीत होता. कोणती भाषा तो छावणींत शिकला. कोणत्या साली रजा मिळाली नाहीं आणि कोणाचें लग्न त्याच्यावांचून लागलें. तो नसतांना नांगर कोणी धरला, आणि मनिऑर्डरीच्या त्या थोड्या रुपयांत घरधनिणीनें संसार कसा ओढला, हें सारें त्या सेवेच्या वर्षांतच धरलें पाहिजे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो टाळूं नये. हीं वर्षें कोणाच्या सेवेंत गेलीं? १९४७ पूर्वींचा शिपाई परक्या राज्यासाठीं लढला. त्याचें कौतुक करणें म्हणजे त्या राज्याचें कौतुक करणें नव्हे काय? या संकोचामुळेंच आपल्या शिष्ट वाङ्मयानें त्याच्याविषयीं मौन धरलें असावें. माझें म्हणणें असें कीं, कौतुक आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्ध न्याय्य होतें कीं नव्हतें, याचा निवाडा स्मृतिलेखानें करण्याची गरज नाहीं. पण माणूस कोण होता आणि तो कां गेला, हें त्यानें लपवूं नये. कोणी पोटासाठीं गेला, कोणी घराण्याच्या रीतीनें, कोणी गांवांत मिळत नव्हता तो मान मिळावा म्हणून. हें प्रामाणिकपणें लिहिलें तर साम्राज्याचीही परीक्षा आपोआप होईल. कोरेगांवची यादी हेंच सांगते.

घाडगे जेथें पडले त्या भागांतील मोंतोने या लहानशा इटालियन गांवानें जुलै २०२३ मध्यें त्यांचें एक स्मारक उभारलें. त्याला छायायंत्राचें, म्हणजे सूर्यघडीचें, रूप दिलें आहे. परक्या गांवानें परक्या शिपायासाठीं ही कल्पना केली, याचें मला विशेष वाटतें. पुतळा एक क्षण धरून ठेवतो. सूर्यघडीवर दिवस सरकत राहतो, आणि पाहणाऱ्याला काळाचा विचार करावाच लागतो. आपल्याला इतकें कांहीं उभारतां आलें नाहीं तरी चालेल. गांवच्या शाळेंत एक वही ठेवावी. गांवचा कोणी माजी सैनिक वारला म्हणजे गुरुजींनीं त्याच्या घरीं जाऊन तें डिस्चार्जचें पुस्तक मागून घ्यावें, बायकामुलांना चार प्रश्न विचारावे, आणि विशेषणें न वापरतां एक पान लिहावें. नांव, वर्षें आणि काम, एवढें त्यांत असलें म्हणजे पुरे. मात्र तें लवकर झालें पाहिजे. कारण ट्रंकेंतल्या कागदांना वाळवी लागते, आणि ज्यांना तीं वर्षें आठवतात, तीं माणसेंही आतां थकलीं आहेत.