येऊ घातलेल्या गाण्यांचा सुकाळ

शुक्रवार हा आता जगभरच्या संगीतव्यवसायाचा बाजारचा दिवस आहे. १० जुलै २०१५पासून नवं संगीत शुक्रवारीच बाहेर काढायचं, असं ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी नवे अल्बम दुकानात येत. एका देशात आलेला अल्बम दुसऱ्या देशात चोरून ऐकला जातो, तेव्हा सगळ्यांचा वार एकच असावा, हे म्हणणं वरकरणी रास्त होतं. विरोधाचा ठळक आवाज उठला तो मार्टिन मिल्स यांचा. फोरएडी, मॅटाडोर, रफ ट्रेड, एक्सएल ही लेबलं ज्या बेगर्स ग्रुपच्या छत्राखाली येतात, त्याचे हे संस्थापक. या बदलानं मोठ्यांचं फावेल आणि कडेला असलेले आणखी कडेला जातील, असं त्यांना वाटत होतं. आज दिसतं ते जरा वेगळं आहे. कडेचे लोक कडेलाच राहिले, पण वागायला मात्र मोठ्यांसारखं शिकले.

एखादा इंडी (बड्या कंपन्यांबाहेरचा) अल्बम यायचा म्हणजे काय काय होतं, ते पाहा. चार-पाच महिने आधी बँडच्या खात्यावरचे जुने फोटो गायब होतात आणि एक गूढ चित्र उगवतं. मग पहिलं सिंगल. त्यासोबत अल्बमचं नाव, मुखपृष्ठ, गाण्यांची यादी, तारीख. मग ‘आत्ताच सेव्ह करून ठेवा’ची विनवणी. महिन्याभरानं दुसरं सिंगल, मग त्याचा व्हिडिओ, दौऱ्याच्या तारखा, तिसरं सिंगल, मर्यादित प्रतींची रंगीत एलपी. यातल्या प्रत्येक पायरीची बातमी होते. ज्या शुक्रवारी अल्बम येतो त्या दिवशी शेवटची बातमी होते आणि सोमवारपासून पुढच्या कुणाच्या तरी गूढ चित्राची चर्चा सुरू होते. येणाऱ्या संगीताबद्दल इतकं छापून येतं आणि आलेल्याबद्दल इतकं कमी, अशी अवस्था या क्षेत्रात पूर्वी नव्हती.

याला केवळ कलावंतांची हौस म्हणता येत नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर ते अप्रकाशित असावं लागतं, एका वेळी एकच पाठवता येतं, आणि प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते अनुयायांच्या यादीत हमखास जातं. दहा गाण्यांचा अल्बम एकदम बाहेर काढला, तर त्यातल्या एकाच गाण्याला दार ठोठावता येतं. तीच दहा गाणी एकेक करून सोडली की दहा वेळा. म्हणून ‘वॉटरफॉल’ नावाची पद्धत रूढ झाली. दुसरं सिंगल आणताना पहिलं त्याच्या शेपटाला जोडायचं, तिसऱ्याला पहिली दोन, असं करत अल्बमपर्यंत पोचायचं. त्यात २०२४पासून आणखी एक नियम आला. आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधनच नाही. छोट्या कलावंताच्या दृष्टीनं ही रक्कम नगण्य असेल, पण मोजदादीतूनच वगळलं जाण्याचा अर्थ त्याला नीट कळतो.

याचा परिणाम गाण्याच्या अंगावर उमटतो, आणि समीक्षकानं खरं तर तिथे बोट ठेवायला हवं. तीस सेकंद ऐकलं तरच ऐकणं मोजलं जातं, म्हणून लांबलचक आलाप, गिटारची संथ उठावणी, आवाज येण्याआधीची शांतता हे सगळं आक्रसत गेलं. त्याहून मोठं नुकसान अल्बमच्या मधल्या भागाचं झालं आहे. एलपीच्या दुसऱ्या बाजूला पूर्वी एखादं अवघड, हट्टी, कुणालाही एकदम न आवडणारं गाणं असे. बँडचा खरा स्वभाव पुष्कळदा तिथेच सापडायचा. प्रत्येक गाण्याला स्वतंत्रपणे दारात उभं राहायचं असेल, तर असं गाणं कोण करील? गेल्या काही वर्षांतले बरेच इंडी अल्बम ऐकताना ओळीनं उभ्या केलेल्या दारांमधून चालल्यासारखं वाटतं. आतली खोली काही लागत नाही.

तारखेशी खेळण्याची कल्पना मुळात इंडीच्या विचारातूनच आली होती, हे आठवलं की गंमत वाटते. रेडिओहेडनं ‘इन रेनबोज’ येत असल्याचं २००७च्या १ ऑक्टोबरला जाहीर केलं आणि १० ऑक्टोबरला अल्बम संकेतस्थळावर ठेवला; किंमत ऐकणाऱ्यानं ठरवायची. बातमी आणि गाणं यांच्यात नऊच दिवसांचं अंतर होतं. नंतर सीडी आली तेव्हा तीही ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. अर्थात रेडिओहेडला हे परवडत होतं, कारण त्यांचं नाव एका बड्या कंपनीच्या पैशावर आधीच जगभर झालं होतं. ही बाब त्या प्रयोगाचे गोडवे गाणारे सहसा सोडून देतात.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आपल्याकडचा, ‘इंडियन ओशन’चा प्रयोग. २५ डिसेंबर २००९ रोजी बँडचे तबलावादक आणि गायक असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्यासह मुद्रित झालेली सात गाणी हातात होती. दिल्लीतल्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात बँड सराव करायचा, त्याचा पत्ताच या अल्बमचं नाव झाला: ‘१६/३३० खजूर रोड’. जुलै २०१०पासून दर महिन्याला एक, अशी ही गाणी त्यांनी संकेतस्थळावरून फुकट दिली. वरवर पाहिलं तर हीच की आजची धबधब्याची रीत! पण फरक कालमापनात आहे. तिथे महिना दिला होता तो एका गाण्याला. पुढच्याची जाहिरात मागच्याच्या छातीवर पाय देऊन उभी नव्हती. सातआठ मिनिटांचं गाणं, त्यात असीम यांचा भरडा, मातीचा आवाज, सुष्मित सेनच्या गिटारची एकच धून पुन्हा पुन्हा वळून येणारी. ऐकणाऱ्याला ते मुरवायला चार आठवडे मिळत. ज्या बँडच्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये नर्मदेच्या खोऱ्यातलं गाणं आहे, ज्याचा बेसवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेला आहे, त्याला गाणं आणि माल यांतला भेद कुणी शिकवावा लागला नसणार.

दुसरं उदाहरण २०२४चं आहे आणि ते जास्त विक्षिप्त आहे. कॅनडाचे पॅट्रिक फ्लेगेल ‘सिंडी ली’ या नावानं गातात. त्यांनी ‘डायमंड ज्युबिली’ हा बत्तीस गाण्यांचा, सुमारे दोन तासांचा अल्बम मार्चअखेर बाहेर काढला तो यूट्यूबवर एकसंध तुकडा म्हणून, आणि नव्वदीच्या दशकातल्यासारख्या दिसणाऱ्या एका ओबडधोबड पानावर. ऐच्छिक देणगी तीस कॅनडियन डॉलर. स्पॉटिफायवर नाही, ॲपलवर नाही, आधी सिंगल नाही. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनवृंदांची गोडी आणि खरखरीत, दूरवरून आल्यासारखी गिटार यांचं ते मिश्रण. एखादा जुना रेडिओ मध्यरात्री चुकून लागावा तसं. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळानं त्याला दहापैकी ९.१ गुण दिले आणि गाणी कानोकानी पसरली. मला यात जमलेलं दिसतं ते एवढंच की बत्तीसपैकी दहा-बारा गाणी तरी कुठल्याही प्लेलिस्टमध्ये एकटी टिकली नसती. त्यांना शेजार लागतो. अल्बम हा प्रकार अजून लागतो, याचा हा धडधडीत पुरावा. बाकी या अल्बममध्ये काटछाटीला भरपूर वाव होता, हेही सांगायला हवं. उत्तरार्धात काही चाली एकमेकींच्या सावल्या वाटतात. संपादकाला दारातच अडवण्याची किंमत फ्लेगेल यांनीही मोजली आहे.

गुण देणाऱ्या त्याच पिचफोर्कला त्याआधीच, जानेवारी २०२४मध्ये, त्याच्या मालकांनी ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशन-मासिकाच्या दावणीला बांधलं होतं. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीतपत्राचं छापील साप्ताहिक २०१८मध्येच थांबलं. आपल्याकडे १९९३ साली अमित सहगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं. दिल्ली-मुंबईच्या नव्हे, अलाहाबादच्या माणसाला शिलाँगचा बँड बंगळुरूच्या वाचकाला सांगावासा वाटला. सहगल २०१२मध्ये गोव्याच्या समुद्रात बुडून गेले, आणि त्या प्रकारच्या लेखनाचा धागा त्यानंतर बराच विरळ झाला. आता नव्या बँडबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक वेळा प्रसिद्धिपत्रकाचंच थोडं रूप बदललेलं असतं. ‘बहुप्रतीक्षित’ हे विशेषण त्यात असतंच. प्रतीक्षा कोण करत होतं, हे विचारायची सोय नसते.

मशीननं रचलेल्या गाण्यांची भीती या चर्चेत हल्ली आवर्जून येते. ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या बँडला २०२५च्या उन्हाळ्यात स्पॉटिफायवर महिन्याकाठी दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले. मला त्यात यंत्राचा पराक्रम फारसा दिसत नाही. पार्श्वभूमीला वाजत राहावं एवढीच गाण्याकडून अपेक्षा ठेवली, तर ती कुणीही पुरवू शकतं. त्याच सुमारास डीअरहूफ आणि किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड यांनी स्पॉटिफाय सोडलं. कारण वेगळं होतं: कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांची युद्धतंत्रज्ञानातली गुंतवणूक. किंग गिझर्डनं आपले अल्बम थेट विक्रीच्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर मनाला येईल त्या किमतीत ठेवले. हा निषेध मोलाचा आहेच, पण दौऱ्यांवर जगू शकणाऱ्या बँडलाच तो झेपतो.

आणि बँडकॅम्पचा रस्ता आपल्याकडे निम्म्यावरच तुटतो. तिथे कलावंताचे पैसे पेपॅलमार्फत येतात, आणि पेपॅलनं १ एप्रिल २०२१पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. परिणामी मुंबईच्या गायिकेचा अल्बम बर्लिनच्या माणसाला दोन मिनिटांत विकत घेता येतो, आणि पुण्याच्या श्रोत्याची पंचाईत होते. भारतीय इंडीच्या अर्थकारणावर कितीही चर्चासत्रं भरवा. हा एक मुद्दा त्यातल्या अर्ध्या भाषणांना भारी पडेल.

गाणी वाजवायच्या जागांचीही तीच कथा. १९८६ला सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव मुंबईत धोबी तलावच्या ज्या रंगभवनात गाजला, तिथे शांतताक्षेत्राच्या नियमानं आवाज बंद झाला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातलं ‘ब्लू फ्रॉग’ २००७मध्ये उघडलं आणि २०१६मध्ये मिटलं. पुण्यात २०१०मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला तेव्हा एका मैदानात चार-पाच मंचांवर देशभरचे बँड ऐकता येऊ लागले. पण महोत्सवात श्रोता अर्ध्या तासानं दुसऱ्या मंचाकडे निघतो. दर गुरुवारी त्याच अंधाऱ्या खोलीत तोच बँड ऐकून जो कान तयार होतो, तो तिथे होत नाही. नवी गाणी आधी लोकांसमोर वाजवून, चुकत, बदलत मग मुद्रित करायची, हा क्रमच उलटला. आता गाणं आधी प्रकाशित होतं आणि मंचावर नंतर चढतं.

म्हणूनच दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चं मला कौतुक वाटतं. २०१९च्या ‘बिस्मिल्लाह’नंतर पुढचा अल्बम, ‘बीटा’, आणायला त्यांनी पाच वर्षं घेतली. सिंगलं त्यांनीही सोडली, प्रसिद्धीच्या पायऱ्या त्यांनीही चढल्या. साधू संन्यासी कुणीच नाही. पण सूर्यकांत साहनी यांचा जुन्या मैफलीतल्या गायकासारखा ओथंबलेला आवाज, लग्नाच्या बँडची आठवण देणारा ट्रम्पेट आणि मधूनच घुसणारा डिस्कोचा ठेका या सगळ्याला एक सलग चाल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात जी गाणी निसटती वाटली, तीच पुढे रेंगाळली. यातलं दुसरं-तिसरं ऐकणं कुठल्याच आकडेवारीत वेगळं दिसत नाही.

मराठीत चित्रपटाबाहेरचं गाणं ही काही नवलाई नाही. गजाननराव वाटवे भावगीतं घेऊन चौकाचौकात गेले, आकाशवाणीच्या ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांतून नवी गाणी घरोघर पोचली, कॅसेटच्या काळात मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ गाजला. तेव्हा त्याला इंडी म्हणत नव्हते, इतकंच. आजचं चित्र वेगळं आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं आणलं आणि मराठी शब्द परदेशी नाचघरांत वाजले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतांशी ‘आपली मराठी साता समुद्रापार’ या सुरात. गाणं कसं बांधलंय, हाउसच्या सरळ ठेक्यावर मराठीचे जोडाक्षरी शब्द कुठे बसतात आणि कुठे नुसतेच खुळखुळ्यासारखे वाजतात, यावर जवळपास काही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचा ‘स्वदेसी’ हा बहुभाषी रॅप-समूह आहे. २०१९मध्ये त्यांनी आरेच्या पाड्यांतल्या प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आरेतल्या मेट्रो-कारशेडच्या वादात ते गाणं सर्वदूर फिरलं, आणि वाद थंडावल्यावर त्याच्याविषयीचं बोलणंही थंडावलं. याच समूहातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या शाहिरीत समूहाचा जो प्रतिसाद ओळीओळीला अपेक्षित असे, तो हेडफोनमधल्या एकट्या श्रोत्यासाठी रचलेल्या रॅपमध्ये कुठे जातो? वारली गायकाचा सूर त्या गाण्यात पाहुणा आहे की यजमान? हे प्रश्न सिंगल आलं त्या आठवड्यात कुणाला सुचले नसतील तर बिघडलं नाही. दिवाळी अंकांत चित्रपटांवर, नाटकांवर वर्षावर्षानं मागे वळून पानंच्या पानं लिहिली जातात. यंदा कुणा संपादकानं त्यातली आठ पानं या एका गाण्यासाठी काढून ठेवावीत, आणि लिहिणाऱ्यानं आधी आरेत जाऊन यावं.