तुरुंगात गेलेल्या माणसाची कविता कुठाय?

अमरावती-अकोल्यातलं आपलं कुठलंही कविसंमेलन घ्या. मशाल असते, निखारा असतो, ज्वालामुखी तर दर तिसऱ्या कवितेत. पण पोराबाळांचा निरोप घेऊन, हात न उगारता जेलात गेलेला आपला माणूस त्यात सापडत नाही. आपल्या लिहिण्यातला हा मोठा खड्डा आहे. तो आपणच खणला.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड घ्या. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ते 1935 नाशकात चालता ठेवणारा हा माणूस. पुढं 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, त्यांनी रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर उभा केला. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, मजुराला किमान वेतन द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या. लाखांवर माणसं तुरुंगात गेली. तैलचित्र लागलं 1990 ला. जमिनीचं काय झालं ते आपापल्या गावच्या ई-क्लासवर जाऊन पाहा.

दादासाहेब 29 डिसेंबर 1971 ला गेले. 1972 मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली. पुढाऱ्यांची गटबाजी अन् काँग्रेसशी केलेली युती पाहून पोरं चिडली होती. चिडणं रास्तच होतं. पण गटबाजीसोबत सत्याग्रहही आपण उकिरड्यावर टाकला. शांतपणे लढणं म्हणजे गांधीवाद, असं समजून बसलो.

लेकहो, हे गणित चुकलं. 20 मार्च 1927 ला महाडात आपल्या लोकांची डोकी फुटली, तेव्हा बाबासाहेबांनीच उलटून मारू दिलं नाही. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला ते आपल्या अमरावतीत, इंद्रभुवन थिएटरातल्या परिषदेचे अध्यक्ष होते. विषय होता अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहाचा. देवीपेक्षा माणसाचा हक्क मोठा, म्हणून तो झगडा. सवर्णाच्या काळजाला पाझर फुटायची वाट पाहणारी ही अहिंसा नव्हे. ही संघटनेची शिस्त आहे. राग गिळून रांगेत उभं राहायला जास्त छाती लागते.

अमेरिकेतल्या काळ्यांकडून आपण पँथर हे नाव घेतलं. पण माँटगोमेरीत 1955-56 मध्ये 381 दिवस बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जाणाऱ्या मोलकरणी घेतल्या नाहीत. त्या चालल्या नसत्या तर मार्टिन ल्यूथर किंग एक चांगला वक्ता, एवढाच उरला असता.

मग लिहायचं कसं? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 ला वाट दाखवली. ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी चळवळीतल्या बायांना गाठलं, बोलतं केलं, लिहून घेतलं. त्यातून कळलं, चळवळ कुणाच्या खांद्यावर उभी होती. आपल्या शंभर ज्वालामुखींपेक्षा या कामाचं मोल जास्त आहे.

1964 ला जो विशीत होता, तो आज ऐंशीपार आहे. एकेक जण चालला. आपापल्या गावच्या बुढ्याले, बुढीले विचारा. सत्याग्रहात कोण गेलं होतं? किती दिवस आत होतं? मागं घरची चूल कशी पेटली? सुटून आल्यावर पाटलानं कामावर घेतलं का? जसं सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून आणा. कविता नाही झाली तरी चालंल.

जयभीम.