आठ पौंड पोर्क : एका शिध्याचे वाचन

सात वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात फ्रेडरिक डग्लसवरचा माझा लेख छापून आला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेचा माग काढता काढता मी डग्लसच्या आत्मकथनापर्यंत पोचलो होतो. लेखात एक वाक्य मी मोठ्या ठसक्यात लिहिले होते : गुलामाला दरमहा आठ पौंड मांस मिळे; त्या काळी आपल्याकडच्या शेतमजुराच्या तोंडी वर्षभरातही तेवढे मांस पडत नसेल.

लेखावर तीन पत्रे आली. दोन कौतुकाची होती. तिसरे पोस्टकार्ड होते, त्यावरची सही लागली नाही. मजकूर एका ओळीचा : ‘मांस म्हणजे काय? सागुती की नुसती चरबी?’

मी ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवले आणि विसरून गेलो. पुढे लेखसंग्रहाची मुद्रिते तपासायला बसलो तेव्हा ते पुन्हा हातात आले. या लेखात मी त्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

आधी मूळ मजकूर. १८४५च्या आत्मकथनात डग्लस मेरिलँडमधल्या कर्नल लॉइडच्या मळ्यावरचा शिधा सांगतो. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड पोर्क किंवा त्या बदल्यात मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. एवढेच. आवाज चढवत नाही, विशेषण लावत नाही. वाचणारा आकडा वाचतो आणि पुढे सरकतो, तसा मीही सरकलो होतो.

दहा वर्षांनी, १८५५ साली, त्याने तेच आयुष्य पुन्हा लिहिले. त्या दुसऱ्या पुस्तकाला आपल्याकडे फारसे कोणी हात लावत नाही, कारण पहिले आटोपशीर आहे आणि सहज मिळते. मीही लावला नव्हता. दुसऱ्या पुस्तकात तोच शिधा पुन्हा येतो, पण आता डग्लस त्याच्याकडे वाण्याच्या तागडीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखा पाहतो. पोर्क आता मिठाच्या पाण्यात मुरवलेले पोर्क आहे, आणि ते बऱ्याचदा बिघडलेले असते. मासे म्हणजे हलक्या प्रतीचे हेरिंग. पीठ न चाळलेले, त्यातला पंधरा टक्के भाग डुकरांपुढे टाकण्याच्या लायकीचा. सोबत एक पाइंट मीठ. मग तो महिन्याला दिवसांनी भागतो आणि सांगतो की रोज राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला दिवसाला पाव पौंडाहून किंचितच जास्त मांस येते. शिध्याच्या या हिशेबानंतर लवकरच मालकाच्या वाड्यातल्या पंगतीचे लांबलचक वर्णन येते : कोंबड्या, टर्की, हरणाचे मांस, खेकडे, कालवे, लोणी, चीज, वाइन.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी डग्लस कायद्याने अजून पळून आलेला गुलाम होता. आपण खरोखरच तिथले आहोत हे त्याला सिद्ध करायचे होते, म्हणून त्याने आकडा दिला. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तो मुक्त होता, स्वतःचे वर्तमानपत्र चालवत होता. आकडा वाचून लोक काय समजतात हे बहुधा त्याने तोवर पुरेसे पाहिले असावे. हा माझा अंदाज आहे. पण आठ हा आकडा तसाच ठेवून त्याच्याभोवतीचा प्रत्येक शब्द त्याने बदलला, हे मात्र दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दिसते.

आता त्या पोर्ककडे वळू. मराठी वाचकाला खारवलेला बांगडा ठाऊक असतो. खारवलेले डुक्कर सहसा नसते. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि उरलेल्या पाण्यात स्वतः शिरते. जंतूंना वाढायला मोकळे पाणी उरत नाही. तांबडे मांस म्हणजे बव्हंशी पाणी आणि प्रथिने, त्यामुळे ते जास्त काळ मिठात राहिले की चामड्यासारखे होते आणि तोंडात धरवत नाही इतके खारट लागते. चरबीत पाणी थोडे, म्हणून ती मऊ राहते, मीठही कमी घेते. त्यामुळे पिंपासाठी पाठीची आणि पोटाची चरबीच सोयीची. तळाशी जाड मीठ, त्यावर तुकड्यांचा थर, पुन्हा मीठ, असे करत पिंप भरायचे; वरून मिठाचे पाणी ओतून तुकडे तरंगू नयेत म्हणून दगड ठेवायचा. व्यापारातले पिंप दोनशे पौंडांचे असे. मांड्यांचे हॅम वेगळे काढून धुरावर टांगत.

या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द, पोर्क. लॉइडच्या मळ्यावर नेमका कुठला तुकडा वाटला जाई, हे डग्लस सांगत नाही. म्हणून मी दोन्ही बाजूंनी हिशेब केला. आठ पौंड म्हणजे सुमारे ३.६ किलो, दिवसाला १२० ग्रॅम. एवढे तांबडे मांस असेल तर त्यातून २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. आज खारवलेले पोर्क म्हणून जे विकले जाते त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम चरबी आणि ५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे १२० ग्रॅममधून ६ ग्रॅम. निव्वळ पाठीची चरबी असेल तर त्याहूनही कमी. तोच शब्द, तोच आकडा, आणि फरक चौपट. उष्मांक मोजले तर उलटे चित्र दिसते : चरबीवाल्या तुकड्यातून ९०० कॅलरी मिळतात. म्हणजे फक्त उष्मांक मोजणाऱ्याला वाईट तुकडा चांगल्या तुकड्यापेक्षा सरस दिसेल.

नेमकी हीच चूक मोठ्या माणसांच्या हातूनही झाली, असे माझे मत आहे. रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन यांचे ‘टाइम ऑन द क्रॉस’ १९७४ साली आले. मळ्यांवर पिकलेल्या धान्याच्या आणि जनावरांच्या नोंदींवरून हिशेब मांडून त्यांनी गुलामांचा आहार उष्मांकांच्या दृष्टीने भरपूर होता, असा निष्कर्ष काढला. दोनच वर्षांत, १९७६ साली, ‘रेकनिंग विथ स्लेव्हरी’ या पुस्तकात इतर अर्थशास्त्रज्ञांनी आणि इतिहासकारांनी त्यांचे आकडे एकेक करून उलगडले. फोगेल यांना पुढे १९९३चे नोबेल मिळाले. त्यांच्या विद्वत्तेपुढे माझ्यासारख्या दहावीनंतर वाचनालयातच शिकलेल्या माणसाने काय बोलावे! पण कोष्टकात पोर्क हा एक रकाना असतो आणि ताटात तो निदान तीन वेगळ्या वस्तूंपैकी एक असतो. हे कळायला पदवी लागत नाही. स्वयंपाकघर लागते.

स्वयंपाकघराची गोष्ट निघालीच आहे तर लिडिया मारिया चाइल्डकडे पाहू. तिचे काटकसरीच्या गृहिणीसाठीचे पुस्तक १८२९ साली बॉस्टनमध्ये निघाले. त्यात घेवड्याच्या दाण्यांची भट्टीत शिजवायची कृती आहे : दाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी रोवून घ्यायचे, पोर्कसोबत तासभर गरम पाण्यात ठेवायचे आणि मग भट्टीत लावायचे. क्वार्टभर दाण्यांना पौंडभर पोर्क पुरे, आणि तेवढ्यात साध्या कुटुंबाचे भरपेट जेवण होते, असे ती सांगते. शिवाय ती तुकडा निवडायला सांगते. चरबी आणि तांबडे मांस आलटून-पालटून असलेला घ्या, गालाचा सगळ्यात चांगला. हीच चाइल्ड गुलामगिरीविरुद्ध १८३३ साली लिहू लागली, आणि हिनेच १८६१ साली हॅरिएट जेकब्सचे आत्मकथन संपादित केले. जेकब्सच्या पुस्तकात एक मालकीण आहे. ती दिवसातून तीन वेळा जिन्नस पौंड-औंसांत तोलून देते, आणि जेवण वाढून झाल्यावर स्वयंपाकिणीला उरलेसुरले खाता येऊ नये म्हणून भांड्यांत थुंकते. एकाच बाईच्या हाताखालून गेलेली ही दोन पुस्तके. एकीकडे काटकसर म्हणजे निवड, दुसरीकडे तोच तराजू माणसाला उपाशी ठेवण्याचे हत्यार. चाइल्डच्या कृतीत पोर्कचे काम चव आणि स्निग्धता आणण्याचे आहे. पोट भरण्याचे आणि अंगी लागण्याचे काम दाणे करतात. आपल्या आमटीतल्या फोडणीसारखे. डग्लसच्या शिध्यात फोडणी आहे, आमटी नाही.

मी ते शिजवूनही पाहिले. पाठीच्या चरबीचा तुकडा आणला, आठ दिवस मिठात ठेवला. घरात त्या आठ दिवसांत काय ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही. रात्रभर भिजवला, सकाळी एक उकळी काढून ते पाणी फेकले आणि १२० ग्रॅम तोलून तव्यावर टाकले. अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त वितळून गेले. वाटीत पांढरट तूप आणि तव्यावर कुरकुरीत चिवट्या, मूठभरही नाहीत. ते तूप मक्याच्या भाकरीला लावले तर खरोखर चविष्ट लागते. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या चिवट्या मक्याच्या पावात घालतात, आणि पालेभाजी उकळताना खारवलेल्या पोर्कचा तुकडा टाकून राहिलेले पाणी पितात. त्या पाण्यात भाजीचे सत्त्व उतरलेले असते, ते फेकत नाहीत. शिध्यात जे नव्हते ते या लोकांनी परसातून, ओढ्यातून, रानातून मिळवले. मासे धरले, ससे मारले. म्हणून ते जगले. शिध्याने जगवले असे म्हणणे म्हणजे श्रेय चोरणे आहे.

शिध्यापलीकडचे मिळवायची वाट बंद झाली की काय होते, ते पुढच्या शतकात दिसले. दक्षिणेतल्या गरिबांच्या जेवणाला तिथे तीन ‘म’ म्हणत : मीट, मील, मोलॅसिस. मील म्हणजे मक्याचे पीठ, मोलॅसिस म्हणजे काकवी, आणि मीट म्हणजे पाठीची चरबी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्राची साथ दिसू लागली. उन्हात राहणारी कातडी काळवंडते, सोलते, जुलाब लागतात, भ्रम होतो, माणूस मरतो. डॉक्टर जंतू शोधत होते. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर पाठवले. इस्पितळात आणि अनाथाश्रमांत रोग्यांना होतो तो रोग तिथल्या नोकरांना होत नाही, हे त्यांनी पाहिले. जंतू पगारपत्रक पाहून चावत नाहीत. १९१५ साली मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगाच्या शेतावर त्यांनी माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना मका, तांदूळ, मैदा, काकवी, रताळी आणि थोडी पालेभाजी असा आहार दिला. अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. पुढे दक्षिण कॅरोलायनाच्या गिरणीवस्त्यांमध्ये त्यांनी एडगर सिडेनस्ट्रिकर यांच्यासोबत घरोघरचे वाणसामान मोजले. ताजे मांस आणि दूध जिथे कमी, तिथे रोग जास्त. एका रकान्यात नुसते ‘मांस’ लिहून ते थांबले असते, तर हा धागा त्यांच्या हाती लागणे कठीण होते.

कारण १९३७ साली कॉनराड एल्व्हेहेम यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले : नायसिन. मक्यात ते असते, पण बांधलेले, शरीराला न मिळणारे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटे होते. मका जगभर गेला, चुना मागे राहिला. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडे नायसिन बनवू शकते, पण मक्यात तेही थोडे आणि चरबीत जवळजवळ नाही. म्हणजे तीन ‘म’ एकमेकांची उणीव भरून काढत नव्हते. तिघांचीही उणीव तीच होती.

डग्लसच्या काळच्या गुलामांना पेलाग्रा होता, असे मी म्हणत नाही. दळण जात्याचे होते, परसबागा होत्या.

गोल्डबर्गर वाचताना मी मराठवाड्यात पोचलो ते ज्वारीमुळे. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरिबांमध्ये पेलाग्रा आढळत होता, आणि हैदराबादच्या सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवले. त्या कारणाबद्दल पुढे वाद झाले. पण ज्वारीसोबत डाळ आणि दूध असेल तर तो होत नाही, याबद्दल वाद नव्हता.

माझे वडील सालगडी होते. सालाच्या बोलीत ज्वारीच्या पायल्या ठरलेल्या असत, आणि वर्षाच्या शेवटी मालकाच्या कणगीच्या तळाची, सोंडे पडलेली ज्वारी मापून येई. माप पुरे असे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. आई सांगते की कार्डावर ज्वारीच लिहिलेली होती. तिची भाकरी थापताना तुटायची आणि पोरे रडायची. माझे ते ठसक्यातले वाक्य मी या आईला वाचून दाखवले होते. आठ पौंड म्हणजे किती, तिने विचारले. मी पावणेचार किलोच्या आत म्हणून सांगितले. ती म्हणाली, “हाडासकट का?”

मुद्रितावर मी ‘मांस’ हा शब्द खोडला आणि समासात लिहिले : ‘खारवलेले पोर्क, बहुधा चरबीच जास्त, बऱ्याचदा बिघडलेले’. शेतमजुराच्या तुलनेचे वाक्य पूर्ण काढले. प्रकाशकाचा फोन आला, ओळ वाढल्याने पान पुढे सरकते आहे. सरकू द्या म्हटले.