धातुकर्तन व घोटाईच्या संगणकीय प्रतिमानांवरील शोधनिबंध : एक चिकित्सा

प्रस्तुत टिपणाचा लेखक यंत्रशास्त्राचा अभ्यासक नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे गोषवारे मराठीत व उर्दूत करून देण्याच्या निमित्ताने धातू कापणे आणि कापलेला पृष्ठभाग घोटणे या क्रियांच्या संख्यात्मक प्रतिमानांवरचे बरेच निबंध वाचावे लागले. प्रतिशब्द शोधता शोधता काही विधानांपाशी अडखळलो. त्या विधानांचा येथे विचार करावयाचा आहे.

‘बर्निशिंग’ला विद्यार्थी सर्रास ‘पॉलिश’ लिहितात. हे चूक आहे. पॉलिश करताना धातू घासून काढला जातो, थोडा का होईना. बर्निशिंगमध्ये कठीण गोळा किंवा रोलर दाबून फिरवतात. पृष्ठभागावरचे उंचवटे शेजारच्या खळग्यांत दाबले जातात, पण वजनात घट होत नाही. या क्रियेला आपल्याकडे ‘घोटणे’ हा शब्द आहेच. दफ्तराचा कागद घोटीव असे. खुशनवीस ज्या कागदावर लिहीत त्याला उर्दूत ‘आहार-मोहरा’ म्हणतात. आहार म्हणजे खळ आणि मोहरा म्हणजे अकीकाचा घोटा. खळ चढवलेला कागद अकीकाने घोटला की कलम अडखळत नसे. धातूच्या बाबतीत घोटण्याचा लाभ गुळगुळीतपणापुरता नसतो. वरच्या थरात दाबाचा ताण कायमचा कोंडला जातो. त्याला अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. त्यामुळे वारंवार भार सोसणाऱ्या भागात तडा सुरू होणे लांबते. क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यांतील गोलाई रोलरने दाबतात ती यासाठीच. सारांश, घोटाईचा निबंध हा मुख्यतः या कोंडलेल्या ताणाचा निबंध असला पाहिजे.

आता प्रतिमानांकडे वळू. फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ मध्ये धातुकर्तनावरचा आपला प्रबंध वाचला, त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग होते आणि सुमारे ८ लाख पौंड लोखंड-पोलादाच्या चिपा झाल्या होत्या. मर्चंट यांनी १९४५ मध्ये हेच काम भूमितीने करून पाहिले. चिप एकाच प्रतलात घसरून सुटते आणि ते प्रतल कमीत कमी ऊर्जा लागेल असा कोन घेते, असे त्यांनी मानले. हे सूत्र पोलादाला नीट लागू पडत नाही हे त्यांनी स्वतःच मांडले आणि सूत्रात दुरुस्ती सुचवली. शोधनिबंध कसा लिहावा याचा हा नमुना मानण्यास हरकत नाही.

पुढे फायनाइट एलिमेंट पद्धत आली. धातूचा तुकडा बारीक जाळीत विभागायचा आणि प्रत्येक घराचे गणित संगणकाने सोडवायचे. पण जाळी आपण होऊन फाटत नाही. चिप कोठे व केव्हा सुटावी हे लेखकालाच सांगावे लागते. स्ट्रेंकोव्स्की व कॅरोल यांच्या १९८५ च्या निबंधात यासाठी एक अट आहे. टोकापुढच्या धातूची विकृती ठरावीक मूल्यापर्यंत गेली की तेथे जाळी सुटते. हे मूल्य त्यांनी बदलून पाहिले. चिपेचा आकार आणि हत्यारावरचे बल फारसे बदलले नाहीत, मात्र कापलेल्या पृष्ठभागातील अवशिष्ट ताण बदलला.

पुढील निबंधांच्या वाचकाने हा निष्कर्ष समोर ठेवावा असे मला वाटते. कारण बहुसंख्य निबंधांचा शेवट ठरलेला असतो: ‘प्रतिमान व प्रयोग यांत चांगली जुळणी आढळली.’ जुळणी कशाची, हे पाहू गेल्यास ती बहुधा कर्तनबलाची निघते. बलाचा आकडा जुळला म्हणून पृष्ठभागातल्या ताणाचे चित्र खरे ठरत नाही. फौजदारीत साक्षीदाराचे नाव-गाव बरोबर निघाले म्हणून त्याची साक्ष खरी धरत नाहीत, तसेच हे.

धातूच्या वर्तनाचे सूत्रही पाहा. जॉन्सन व कुक यांनी ते १९८३ मध्ये हेग येथील प्रक्षेपणशास्त्राच्या परिसंवादात मांडले. त्यात पाच स्थिरांक असतात. चाचणीयंत्रात मिळणारी विकृती आणि तिचा वेग यांच्यापेक्षा कर्तनातले आकडे सहसा बरेच मोठे असतात, म्हणजे स्थिरांक आपल्या मर्यादेबाहेर वापरले जातात. उम्ब्रेलो, मसाउबी व आउटेरो यांनी २००७ मध्ये एकाच ३१६एल पोलादासाठी स्थिरांकांचे पाच वेगवेगळे संच घेऊन गणित केले. उत्तरे वेगवेगळी आली, आणि अवशिष्ट ताणाचे उत्तर विशेष संवेदनशील ठरले. तरीही मी पाहिलेल्या प्रबंधांत स्थिरांकांचा तक्ता ‘पूर्वप्रकाशित साहित्यावरून’ एवढ्या शब्दांवर उतरवलेला असतो. घर्षणगुणांकाचेही तसेच. अनेकदा तो बल जुळेपर्यंत बदलला जातो आणि मग जुळणी जाहीर होते! रंगीत चित्रे मात्र उत्तम असतात.

घोटाईच्या प्रतिमानांत आणखी एक दोष दिसतो. सुरुवातीचा पृष्ठभाग सपाट व ताणरहित धरला जातो. वास्तविक तो लेथवरून उतरलेला असतो. त्याच्यावर हत्याराच्या रेषा असतात आणि आत कर्तनाचा ताण असतो, जो अनेकदा ओढीचा असतो. कागद घोटणाऱ्यालाही आधी खळ कशी बसली आहे ते पाहावे लागे. कापणे व घोटणे यांचे प्रतिमान सलग करणारे निबंध आहेत, पण विद्यार्थ्यांच्या संदर्भयादीत ते क्वचितच सापडतात.

सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. क्ष-किरण विवर्तनाने ताण मोजून, थर विद्युत्-रासायनिक पद्धतीने उतरवत खोलीनुसार तुलना करणारे काम झाले आहे. त्यात जुळणी न झाल्याचे आलेखही छापलेले असतात. ते खर्चाचे काम आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही, हे खरे. पण मोजले नाही असे लिहिण्यास खर्च येत नाही.

अलीकडे एका गोषवाऱ्यात मी एक वाक्य सुचवले होते: ‘तुलना फक्त बलाची केली आहे, अवशिष्ट ताण मोजलेला नाही.’ विद्यार्थ्याने ते आनंदाने घातले. अंतिम प्रतीत ते दिसले नाही. मार्गदर्शकांच्या मते त्याने प्रबंध कमकुवत वाटत होता.