‘वाया जाणारे पाणी’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

खानदेशातील पाटबंधाऱ्यांविषयीच्या लेखनात व भाषणांत एक शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो, की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणास भासत नाही : तापीचे पाणी ‘समुद्रात वाहून वाया जाते’. या एका क्रियापदात एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे. समुद्रास नदीच्या पाण्याची गरज नाही, हा तो सिद्धान्त; आणि तो आजवर कोणीही सिद्ध केलेला नाही.

तापी मुलताई येथे उगम पावते व 724 किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पलीकडे समुद्रास मिळते. सुमारे 65,000 चौरस किलोमीटरांच्या तिच्या खोऱ्यापैकी जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा, गिरणा, पांझरा यांच्या पुरांतून काळ्या जमिनीचा जो गाळ वाहतो, त्याचे अंतिम स्थान खंभातच्या आखाताचे परिसर होय. याच बाजूच्या गढूळ, उथळ पाण्यात बोंबील विपुल आहे. पश्चिम किनाऱ्यावर सौराष्ट्र ते उत्तर महाराष्ट्र हे त्याचे क्षेत्र; रत्नागिरीच्या दक्षिणेस तो विरळ होतो आणि पुन्हा मुबलक आढळतो तो पूर्वेस, गंगेच्या मुखाकडे. सुंदरलाल होरा यांनी 1934 मध्ये या माशाच्या भ्रमंतीवर स्वतंत्र लेख लिहिला होता. केवळ नद्यांमुळे बोंबील आहे असे म्हणणे अर्थातच अतिव्याप्त ठरेल. भरती-ओहोटीचा जोर हेही प्रबळ कारण आहे, आणि कोळ्यांची डोल जाळी त्याच जोरावर चालतात. तथापि वलांडीवर वाळलेला हा बोंबील खानदेशातील आठवडे बाजारांत विकला जातो, तेव्हा ‘वाया गेलेल्या’ पाण्याचा काही अंश परत आला, असे मानण्यास जागा आहे.

पाला या माशाची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. तो समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाने तापीतील त्याची वरची वाट बंद केली. फराक्का येथे 1975 नंतर गंगेत जे घडले, त्याचीच ही लहान आवृत्ती होय.

दोष केवळ पाटबंधाऱ्यांच्या परिभाषेचा नाही. उपयोजित सागरविज्ञानही आपली सीमा किनाऱ्यावरच आखून घेते. शेफर (1954) आणि बेव्हर्टन व होल्ट (1957) यांच्या पद्धतींत माशांचा साठा व मासेमारीचे प्रमाण यांचा मेळ घातला जातो. नदी त्या समीकरणांत चल म्हणून येत नाही. ‘कमाल शाश्वत उत्पादन’ या कल्पनेचा मृत्युलेख लार्किन यांनी 1977 मध्येच लिहिला, परंतु कल्पना टिकून आहे. तिची छाया आपल्या नियमांवरही पडलेली दिसते. 1981 चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा, पर्ससीन जाळ्यांवरील 2016 चे निर्बंध, 2023 मध्ये 54 जातींसाठी ठरविलेले किमान आकारमान : हे सर्व उपाय आवश्यक आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकाचा रोख नौका व जाळे यांवर आहे. संयमाचे ओझे कोळ्याने वाहावे आणि वरच्या खोऱ्याने आपल्यापुढे समुद्र आहे याची नोंदही घेऊ नये, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

यावर दुष्काळाचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. अमळनेर किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यास माशासाठी पाणी सोडा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. पण प्रश्न सर्व पाणी सोडण्याचा नसून, पुराचा किती भाग कोणत्या महिन्यात खाली गेला पाहिजे हे मोजण्याचा आहे. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील दरवाजे कसे चालवावेत याच्या विचारात खाडीमुखाचा समावेश झाला, तरच ते मोजमाप अर्थपूर्ण होईल.

ही दृष्टी खानदेशास परकी आहे असेही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शतकांपासून चालत आलेली फड पद्धत खालच्या गावाचा हक्क गृहीत धरते. एका बंधाऱ्यातून निसटलेले पाणी तेथे वाया जात नाही, ते पुढच्या बंधाऱ्याचे असते. त्या साखळीतील शेवटच्या बंधाऱ्याखालीही पांझरा वाहते, आणि मुडावद येथे तापीस मिळते.